कर्णधाराच्या हातातली काठी

३ ऑगस्ट १४९२ रोजी कोलंबसाची तीन जहाजे स्पेनमधल्या पालोस बंदरातून निघाली. हे वर्ष आणि हा प्रवास आपण सगळेच शाळेत शिकवतो. पण निघाल्यावर तीनच दिवसांनी काय झाले, ते पाठ्यपुस्तकात सहसा नसते. ६ ऑगस्टला ‘पिंटा’ या जहाजाचे सुकाणू जागेवरून निसटले. वारा जोराचा होता, समुद्र खवळलेला होता. मदतीसाठी आपले जहाज पिंटाच्या जवळ नेणे कोलंबसाला धोक्याचे वाटले. पिंटाचा कप्तान मार्तिन आलोन्सो पिन्सोन याने दोरांनी कसेबसे सुकाणू बांधून घेतले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा निसटले. शेवटी कॅनरी बेटांवर थांबून दुरुस्ती करावी लागली आणि खरा महासागर ओलांडायला ही जहाजे निघाली ती ६ सप्टेंबरला. हा प्रवास मनाविरुद्ध करावा लागलेल्या पिंटाच्या मालकानेच काही घातपात केला असावा, असा कोलंबसाला संशय होता.

घातपात होता की नव्हता, हे आता कळायला मार्ग नाही. पण घातपात नसतानाही सुकाणू निसटू शकते, आणि ते का निसटते हा प्रश्न पूर्णपणे विज्ञानाचा आहे. जहाजाच्या पिछाडीला एक काठी किंवा फळी पक्की बसवायची, एवढेच तर काम! पण या एवढ्याशा कामासाठी माणसाने सुमारे चार हजार वर्षे डोके लढवले आहे. वेगवेगळ्या देशांत त्याची वेगवेगळी उत्तरे निघाली. आणि यातले कोणते उत्तर ‘श्रेष्ठ’ यावर इतिहासकारांनी जे निष्कर्ष काढले, त्यांतले काही साफ चुकीचे निघाले. आज आपण ही गोष्ट पाहू.

अडचण नेमकी काय आहे?

सुकाणूकडून आपल्या दोन मागण्या असतात. ते घट्ट बसले पाहिजे, आणि ते सहज फिरलेही पाहिजे. घराचा खांब घट्ट बसवणे सोपे, कारण तो फिरायचा नसतो. भोवरा सहज फिरतो, कारण तो कुठे बसवलेला नसतो. दोन्ही गुण एकाच वस्तूत हवे असले, की अडचण सुरू होते.

आता सुकाणूवर किती जोर येतो, याचा अंदाज घेऊ. आकडेमोड नववी-दहावीची मुले करू शकतील अशीच आहे. जहाज सेकंदाला ३ मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटरने चालले आहे असे धरा. वाहत्या पाण्याचा दाब म्हणजे पाण्याच्या घनतेच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. घनता दर घनमीटरला १००० किलोग्रॅम धरली, तर ५०० गुणिले ९, म्हणजे दर चौरस मीटरला ४५०० न्यूटन. सुकाणूची फळी १ चौरस मीटरची असेल आणि ती प्रवाहात चांगली तिरपी धरली, तर तिच्यावर ढोबळमानाने एवढे बल येते. म्हणजे सुमारे ४६० किलो वजनाइतके! वेग दुप्पट झाला तर वेगाचा वर्ग चौपट होतो, म्हणून बलही चौपट होते, १८००० न्यूटन. शिवाय हे बल एकसारखे नसते. प्रत्येक लाटेबरोबर ते कमीजास्त होते, कधी उलट्या बाजूने येते. अशा हिसक्यांनी खिळे सैल होतात, दोर झिजतात, लाकूड चिरते.

हे बल सुकाणूला जहाजाशी जोडणाऱ्या जागांवर कसे वाटले जाते, ते समजण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. दीड-दोन मीटर लांबीची काठी घ्या. एका विद्यार्थ्याला ती उभी धरायला सांगा. दोन्ही हात वरच्या टोकाजवळ, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. दुसऱ्या विद्यार्थ्याने काठीचे खालचे टोक एका बोटाने ढकलावे. काठी धरणारा कितीही दणकट असला तरी त्याला ती स्थिर ठेवता येत नाही. आता एक हात काठीच्या वरच्या टोकाला आणि दुसरा खालच्या टोकाला ठेवू द्या, आणि काठी मध्यावर ढकला. या वेळी जोर लावून ढकलले तरी काठी फारशी हलत नाही.

यामागचा हिशेब तरफेचाच आहे. समजा, सुकाणूचा दांडा जहाजाला दोन ठिकाणी जोडला आहे, आणि त्या दोन जागांत अर्ध्या मीटरचे अंतर आहे. पाण्याचा जोर खालच्या जोडापासून आणखी १ मीटर खाली येतो आहे. वरच्या जोडाभोवती परिबल मोजा. बलाचे अंतर दीड मीटर, खालच्या जोडाचे अंतर अर्धा मीटर. म्हणून खालच्या जोडावर मूळ बलाच्या तिप्पट जोर येतो आणि वरच्या जोडावर, उलट दिशेने, दुप्पट. आपल्या उदाहरणात खालच्या जोडाला १३५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १.४ टनाचा भार सोसावा लागेल. तेच बल जर दोन जोडांच्या बरोबर मध्ये आले, तर प्रत्येक जोडावर ते निम्मेच येते, २२५० न्यूटन. फळी तीच, पाणी तेच, वेगही तोच. फक्त जोडांची जागा बदलली आणि खालच्या जोडावरचा भार सहापटीने उतरला. सुकाणूच्या इतिहासातले बरेचसे या एका हिशेबात सामावलेले आहे.

पण मुळात सुकाणू मागेच का? दार ढकलताना आपण बिजागरीपासून लांब ढकलतो, कारण तिथे थोड्या जोरात काम भागते. पाण्यात वळणारी नाव तिच्या मध्याच्या थोड्या पुढच्या भागातल्या एका बिंदूभोवती वळते, असे ढोबळमानाने म्हणता येते. पिछाडी त्या बिंदूपासून सर्वांत लांब असते. तिथे आडवे बल लावले की पिछाडी एका बाजूला सरकते आणि पुढचे टोक दुसऱ्या बाजूला वळते.

खांबावर टेकवलेले वल्हे

सुरुवातीला सुकाणू म्हणजे हातात धरलेले वल्हेच होते. नाव लहान असेपर्यंत ठीक. नाव मोठी झाली की वल्हे मोठे झाले आणि ते हातात धरून ठेवणे माणसाच्या ताकदीबाहेर गेले. मग ते नावेला टेकवणे आले.

याचे एक सुंदर उदाहरण इजिप्तमध्ये पाहायला मिळते. १९२० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे हर्बर्ट विनलॉक थीब्जजवळ मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात उत्खनन करत होते. तिथल्या एका बंद कोनाड्यात लाकडी प्रतिकृतींचा खजिनाच सापडला: गोठा, बेकरी, विणकरांचे दुकान, आणि नावा. या वस्तू इ.स.पू. २००० च्या सुमाराच्या आहेत. नावांच्या पिछाडीला एक उभा खांब रोवलेला आहे. भल्या मोठ्या वल्ह्याचा दांडा या खांबाच्या माथ्यावर आणि पिछाडीच्या टोकावर, असा दोन ठिकाणी टेकवून बांधला आहे. दांड्याला एक आडकाठी जोडली आहे. सुकाणूवाला ती काठी डावी-उजवीकडे ढकलतो, त्यासरशी दांडा स्वतःभोवती फिरतो आणि पाण्यातले पाते तिरपे होते. वल्हे उचलायचे नाही, ओढायचे नाही, फक्त पिळायचे. फिरणे आणि धरून ठेवणे ही दोन कामे इथे वेगळी झाली. धरण्याचे काम खांबाचे आणि बांधणीचे, फिरवण्याचे काम माणसाचे. एवढा विचार चार हजार वर्षांपूर्वी झालेला होता.

नाईल नदीत हे चालले. समुद्रात मात्र जहाज लाटांवर वरखाली होते आणि पिछाडी कधीकधी पाण्याबाहेरच येते. मग सुकाणूची वल्ही पिछाडीच्या टोकावरून थोडी पुढे, जहाजाच्या दोन्ही कुशींना आली. ग्रीक आणि रोमन जहाजांना अशी दोन सुकाणू असत. बायबलच्या नव्या करारात संत पॉल यांच्या जहाजाच्या फुटण्याची हकिगत आहे. त्यात खलाशी नांगर तोडून टाकतात आणि सुकाणूंच्या बांधलेल्या दोऱ्या सोडतात. तिथे ‘सुकाणू’ अनेकवचनी आहे! वादळात नांगर टाकल्यावर सुकाणू वर उचलून दोरांनी जखडून ठेवत, हेही त्यावरून कळते.

वायकिंगांचा चामखीळ

उत्तर युरोपातल्या वायकिंग लोकांनी दोनाऐवजी एकच सुकाणू ठेवले, उजव्या कुशीला. इंग्रजीत जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, तो शब्द ‘सुकाणूची बाजू’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दापासूनच आला आहे. सुकाणू मोडू नये म्हणून धक्क्याला लागताना डावी बाजू लावत. तिला पुढे ‘पोर्ट’ म्हणजे बंदराची बाजू हे नाव पडले.

१८८० साली नॉर्वेत गोक्स्टाड येथे मातीच्या टेकाडाखाली एक वायकिंग जहाज मिळाले. इ.स. ८९० च्या सुमारास बांधलेले, साधारण २३ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. त्याचे सुकाणू कसे बसवले होते, ते पाहण्यासारखे आहे. जहाजाच्या कुशीवर बाहेरून लाकडाचा एक उंचवटा ठोकलेला आहे. खलाशी त्याला चामखीळ म्हणत. सुकाणूचे पाते या चामखिळीवर टेकते. पाते, चामखीळ आणि जहाजाची भिंत या तिन्हींतून आरपार एक भोक, आणि त्या भोकातून पिळलेल्या लवचीक मुळीचा दोर आत घेऊन पक्का बांधलेला. वर जहाजाच्या काठाला एका पट्ट्याने दांडा अडकवलेला. म्हणजे इथेही जोड दोनच. पण खालचा जोड पाण्याच्या जोराच्या बराच जवळ नेला आहे. आपल्या हिशेबातले ‘दीड मीटर भागिले अर्धा मीटर’ हे प्रमाण कमी करण्याची ही युक्ती आहे. शिवाय जोड लोखंडाचा नाही, लवचीक आहे. लाटेचा हिसका तो थोडा ताणून जिरवतो. आणि उथळ पाण्यात वरचा पट्टा सोडला की सुकाणू वर उचलता येते.

हे चालत होते का? १८९३ साली याची परीक्षाच झाली. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी नॉर्वेत गोक्स्टाडच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती बांधली आणि कप्तान माग्नुस आन्डरसन याने ती शिडांवर अटलांटिक पार नेली. बेर्गनहून न्यूफाउंडलंडला पोचायला चार आठवडे लागले. वाटेत वादळे झाली. कुशीचे सुकाणू उत्तम चालल्याचे आन्डरसनने आवर्जून नोंदवले. ही नोंद लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

चीन : उचलता येणारे सुकाणू

१९५० च्या दशकात दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहरात हान काळातल्या एका थडग्यात मातीचे भाजलेले जहाज मिळाले. हातभर लांबीची ही प्रतिकृती पूर्व हान राजवटीतली, म्हणजे इ.स. २५ ते २२० या काळातली आहे. तिच्या पिछाडीला, अगदी मध्यरेषेवर, रुंद पात्याचे सुकाणू टांगलेले आहे. पिछाडीच्या मध्यावर बसवलेल्या सुकाणूचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना पुरावा. चीनच्या विज्ञानेतिहासाचे मोठे अभ्यासक जोसेफ नीडहॅम यांनी त्याची सविस्तर चर्चा केली आहे.

चिनी जहाजाची पिछाडी निमुळती नसते, पेटीसारखी सपाट असते. तिथे बिजागरी ठोकायला उभा खांबच नाही. मग चिनी कारागिरांनी सुकाणूचा दांडा पिछाडीच्या खाचेत उभा बसवला आणि वरून दोर-कप्पीने टांगला. मोठ्या जहाजांत खालचे टोक जहाजाच्या पोटाखालून पुढे नेलेल्या दोरांनी आवळून धरत. पुन्हा तेच, वर एक जोड आणि अगदी खाली दुसरा. खोल पाण्यात सुकाणू खाली सोडायचे, किनाऱ्याजवळ वर ओढून घ्यायचे. काही सुकाणूंत दांड्याच्या पुढेही पात्याचा थोडा भाग ठेवत. त्यामुळे पाण्याचा दाब दांड्याच्या दोन्ही अंगांना पडतो आणि काही अंशी एकमेकाला तोलतो. फिरवणाऱ्याचे कष्ट कमी होतात.

ही सुकाणू केवढी असत? नानजिंग येथे झंग ह याच्या आरमाराची जहाजे जिथे बांधली गेली, त्या जागी १९५७ साली सुकाणूचा एक लाकडी दांडा मिळाला. त्याची लांबी ११ मीटरहून जास्त आहे. १४०५ ते १४३३ या काळात हे आरमार आपल्या कालिकत बंदरापर्यंत अनेकदा आले होते.

आपला समुद्र : काथ्या आणि दोन शब्द

अरबी समुद्रातली जहाजे फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधत. लोखंडी खिळे नाहीत, म्हणजे लोखंडी बिजागरीही नाही. जेरुसलेमचा भूगोलकार अल-मुकद्दसी याने दहाव्या शतकात तांबड्या समुद्रातल्या प्रवासाचे वर्णन केले आहे. कप्तान उंचावर बसून खडक पाहतो, त्याच्या दोन बाजूंची दोन मुले ओरडून इशारा देतात, आणि सुकाणूवाला हातातल्या दोन दोरांपैकी एक ओढतो. दोन दोर आणि मध्ये एक सुकाणू, असेच हे चित्र वाटते. १२३७ साली बगदादच्या अल-वासितीने काढलेल्या एका चित्रात तर पिछाडीला टांगलेले सुकाणू स्पष्ट दिसते. १२९२ च्या सुमारास भारतात आलेल्या मोन्तेकोर्विनोच्या जॉन या ख्रिस्ती साधूने इथली जहाजे पाहून नाक मुरडले होते. दोऱ्याने शिवलेली, लोखंड नसलेली जहाजे, आणि पिछाडीच्या मध्यावर हातभर रुंदीचे कमकुवत सुकाणू, असे त्याचे मत. पण हीच ‘कमकुवत’ जहाजे मोसमी वाऱ्यांवर शतकानुशतके आफ्रिका, अरबस्तान आणि भारत यांच्यामध्ये ये-जा करत होती.

इथे मराठीतल्या दोन शब्दांकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आला आहे. दुसरा शब्द क्रिकेटमुळे प्रत्येक मुलाला माहीत असतो, ‘कर्णधार’. तो संस्कृत आहे आणि त्याचा मूळ अर्थ कर्ण म्हणजे सुकाणू धरणारा. कर्ण म्हणजे कानही. जहाजाच्या दोन कुशींना दोन वल्ही कानांसारखी बाहेर आलेली, म्हणून त्यांना कर्ण म्हणत असतील का? अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या भित्तिचित्रात तीन शिडांचे जहाज आहे, त्याच्या मागच्या अंगाला सुकाणूची वल्हीच दिसतात. कल्पना मोहात पाडणारी आहे. पण तो आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. तसेच अरबी शब्द आला म्हणून वस्तूही अरबांकडूनच आली, असेही सिद्ध होत नाही. ‘कर्णधार’ शब्द राहिला आणि ‘कर्ण’ जाऊन ‘सुकाणू’ आला, एवढीच नोंद आपण करू शकतो. विज्ञानाच्या इतिहासात तर्क आणि पुरावा वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे. मुलांना हे शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

लोखंडी बिजागरी

उत्तर युरोपात बाराव्या शतकात काहीतरी नवे घडले. इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या चर्चमध्ये आणि बेल्जियममधल्या झेडेलगेमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडांवर जहाजे कोरलेली आहेत, आणि त्यांची सुकाणू पिछाडीला आहेत. एल्बिंग शहराच्या १२४२ सालच्या मोहरेवरही तसेच जहाज आहे. या भागातली ‘कॉग’ जातीची मालवाहू जहाजे पोटाने फुगीर आणि त्यांचा मागचा खांब सरळ असे. १९६२ साली जर्मनीत ब्रेमेनजवळ नदीच्या गाळात १३८० चे असे एक जहाज सापडले आणि आज ते ब्रेमरहाफेनच्या संग्रहालयात आहे.

सरळ खांब मिळाला की दारासारखी युक्ती करता येते. खांबावर ओळीने लोखंडी कडी ठोकायची. सुकाणूच्या कडेला तितकेच लोखंडी आकडे, खाली तोंड केलेले. आकडे वरून कड्यांत सोडले की झाले. आता जोड दोनच नाहीत, अनेक आहेत. आणि ते जहाजाच्या अगदी तळापर्यंत आहेत. पाण्याचा जोर जोडांच्या बाहेर नाही, त्यांच्या मध्येच येतो. आपल्या प्रयोगातला दुसरा भाग तो हाच.

१३०४ साली बायोन गावचे चाचे अशी जहाजे घेऊन भूमध्य समुद्रात आले आणि जिनोआ, व्हेनिस इथल्या लोकांनी त्यांची नक्कल सुरू केली, असे फ्लॉरेन्सचा बखरकार विलानी लिहितो. तरीही भूमध्य समुद्रात जुनी कुशीची सुकाणू बराच काळ नव्याच्या जोडीने टिकून होती.

युरोपने ही कल्पना चीनकडून घेतली का? बातमी अरबांमार्फत पोचली असणे अशक्य नाही. पण बांधणी पाहिली तर चिनी सुकाणू दोरांनी टांगलेले आणि उचलता येणारे, अरबी सुकाणू दोराने बांधलेले, युरोपीय सुकाणू लोखंडी बिजागरीवरचे. प्रत्येकाने आपापल्या जहाजाच्या आकाराप्रमाणे आणि हाताशी असलेल्या साहित्याप्रमाणे उत्तर शोधलेले दिसते.

एका शोधाने जग बदलले?

१९३५ साली लफेब्र द नोएत या निवृत्त फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने एक पुस्तक लिहून मोठा दावा केला. प्राचीन काळचे कुशीचे सुकाणू दुबळे होते, त्यामुळे जहाजे लहान राहिली आणि महासागर ओलांडता आले नाहीत. पिछाडीचे सुकाणू आले आणि सारे बदलले, असा त्याचा सिद्धान्त. तो इतका सुटसुटीत होता की अनेक पुस्तकांत शिरला. एक शोध, एक क्रांती: शिकवायलाही सोपे!

पण पुरावे पाहा. दुसऱ्या शतकात ल्युशियन या लेखकाने अथेन्सच्या बंदरात आलेल्या ‘इसिस’ या धान्यवाहू जहाजाचे वर्णन केले आहे. लांबी १२० हात, म्हणजे सुमारे ५५ मीटर. त्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी जहाज प्रचंडच. आणि त्याची दोन अवाढव्य सुकाणू एक म्हातारा माणूस बारीकशा काठीने फिरवत होता, याचेच ल्युशियनला नवल वाटले होते. आन्डरसनने कुशीच्या सुकाणूवर अटलांटिक ओलांडला, ते आपण पाहिलेच. जावा बेटावरच्या बोरोबुदूर स्तूपावर कोरलेल्या जहाजांना दोन कुशींची सुकाणू आहेत. तसे जहाज बांधून २००३-०४ मध्ये ते इंडोनेशियाहून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील घानापर्यंत नेण्यात आले. १९७६ साली ‘होकुलेआ’ ही जोडनाव पॉलिनेशियन पद्धतीच्या सुकाणू-वल्ह्यावर हवाईहून ताहितीला गेली. महासागर ओलांडायला पिछाडीचे सुकाणू लागतेच, हा सिद्धान्त टिकत नाही.

मग ते जिंकले कशामुळे? अनेक लहानलहान कारणे एकत्र आली. वाऱ्याने जहाज कलले की कुशीचे एक सुकाणू पाण्याबाहेर येते. धक्क्याला लागताना किंवा दुसऱ्या जहाजाला घासताना ते मोडते. जहाजाच्या भिंती उंच होत गेल्या, तसा कुशीचा दांडा लांबत गेला आणि खालचा जोड दूर जाऊ लागला. दोनाऐवजी एकच सुकाणू आणि ते पिछाडीच्या आडोशाला, ही सोय होती. घडीव लोखंड मिळत होते, सरळ खांब होता. असा सगळा मेळ जमला तेव्हा ते रुजले. शोध म्हणजे एका क्षणी पेटणारा दिवा नव्हे, असे आम्हाला यातून वाटते.

आणि नव्या उत्तराने नवी अडचणही आणली. खाली तोंड केलेले आकडे कड्यांत नुसत्या वजनाने बसलेले असतात. मोठ्या लाटेने पाते खालून उचलले, किंवा तळ आपटला, की आकडे कड्यांतून वर निघतात. पिंटाच्या बाबतीत असे घडले असणे अगदी शक्य आहे. म्हणून पुढे आकड्याच्या वर लाकडाचा अडसर ठोकून सुकाणूला वर उठू न देण्याची पद्धत आली. आणि पिन्सोनने अडचणीत काय केले? दोर काढले आणि बांधले! लोखंड हरले तेव्हा वायकिंग आणि अरब खलाशांची जुनी विद्याच कामाला आली.

ही विद्या अजून संपलेली नाही. अजिंठ्याच्या त्या चित्रावरून गोव्यात शिवलेल्या फळ्यांचे एक जहाज बांधले गेले. केरळच्या कारागिरांनी काथ्याने फळ्या शिवल्या, मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. त्याला बिजागरीचे सुकाणू नाही. सुकाणूची वल्ही आहेत.

वर्गात हा विषय घेतलात, तर मुलांना एक काम जरूर द्या. प्लास्टिकच्या टबात तरंगेल अशी थर्मोकोलची नाव करायची आणि तिच्या पिछाडीला एक काठी अशी बसवायची, की ती फिरेल पण निसटणार नाही. मोळे, दोरा, रबर, तार, हाताशी असेल ते वापरू द्या. उत्तर आधी सांगू नका. कोणी दोऱ्याने बांधेल, कोणी खाच पाडेल, कोणी तारेची बिजागरी करील. मग टबातले पाणी हाताने खवळा आणि कोणाची काठी टिकते ते सगळ्यांनी मिळून पाहा. ज्याची निसटेल, त्याला पिंटाची गोष्ट सांगा.